डोक्यावरचा चेंडू

२ जानेवारी २०२५, गुरुवार

सराव संपल्यावर संघपाल सरांनी प्रत्येकीच्या हातात एकेक वही ठेवली. म्हणाले, "रोज लिहायचं. काय चुकलं तेवढंच. चांगलं काय झालं ते मला दिसतं." सना म्हणाली, "सर, मेरेकू दो वही लगेगी." सना आमची गोलकीपर. ती गोलमधून ओरडली की हर्सूल तलावावरचे बगळे उडतात.

तर माझं. मी मोनिका, वय वीस. गाव लासूर स्टेशन, राहायला पुंडलिकनगरला करुणाआत्याकडं. खाम युनायटेड या फुटबॉल टीमची सेंटर बॅक, पाठीवर चार नंबर. आत्याला अजून कळत नाही की चार वर्षं खेळून मी गोल का करत नाही. मी सांगितलं, गोल होऊ न देणं हे माझं काम. ती म्हणाली, "मंजी वॉचमन." व्हय, तसंच.

चुका: वळायला वेळ लागतो. डावा पाय नावालाच. पण हवेतला चेंडू माझा. पूर्ण लीगमध्ये माझ्या डोक्यावरून चेंडू नेणारी पोरगी मला अजून भेटलेली नाही.

२६ तारखेला आमखास मैदानावर सेमीफायनल आहे आणि ती बघायला गोव्याच्या क्लबच्या लोर्ना मॅडम येणार आहेत. त्यांना एक सेंटर बॅक पाहिजे. एकच. वर्षाचा करार. राहायचं तिथं, खायचं तिथं, आणि खेळणं हीच नोकरी. आता वही बंद करते.

५ जानेवारी, रविवार

जालन्याविरुद्ध १-०. जिंकलो.

सत्तराव्या मिनिटाला त्यांचा कॉर्नर. मी उडी मारली, त्यांच्या उंच स्ट्रायकरनं पण मारली, आणि कपाळाला कपाळ लागलं. उठले तेव्हा सर समोर बसलेले. "किती बोटं?" "तीन." "जा, खेळ." खेळले. चेंडू एकदाही आत जाऊ दिला नाही.

सना नंतर म्हणाली, मी थोडा वेळ आपल्याच गोलकडं तोंड करून उभी होते. म्हणाली, "मेरेकू देख रही थी, जैसे पयली बार देखी." काही पण बोलते.

चूक: उडी अर्धा सेकंद उशिरा.

६ जानेवारी, सोमवार

डोकं ठणकतंय. खिडकीचा उजेड डोळ्यांत टोचतो. गोळी घेतली. आत्यानं विचारलं तर म्हणाले, सर्दी.

८ जानेवारी, बुधवार

सराव केला. तीस हेडर. सर लांबून चेंडू टाकतात, मी डोक्यानं परत पाठवते. पहिल्या दहापर्यंत बरं वाटलं, मग प्रत्येक चेंडूला कानात शिट्टी वाजल्यासारखं. पण तीस पुरे केले. सर "शाब्बास शोभा" म्हणाले. शोभा कोण माहीत नाही. मग गळ्यात शिट्टी असताना पाच मिनिटं शिट्टी शोधली. बावन्न वर्षांचे आहेत, वय झालं आता.

पप्पांचा फोन आला. ते लासूरच्या मार्केटात मापाडी आहेत, कांद्याची पोती तोलतात. त्यांना सांगितलं, २६ ला मॅच बघायला या. त्यांच्या जोडीच्या कचरूकाकांनी मधेच फोन ओढून घेतला. "मोने, गोव्याची मॅच टीव्हीवर दिसन का?" म्हणाले, मोबाइलवर दिसते काका. "मंग मोबाइल मोठा घ्यावा लागन." लई हसले.

११ जानेवारी, शनिवार

तीस हेडर. छान झाला सराव.

सकाळी पप्पांचा फोन आला. कचरूकाका मधेच फोन घेऊन विचारायला लागले, गोव्याची मॅच टीव्हीवर दिसन का. मी म्हणाले, मोबाइलवर दिसते. तर म्हणतात, मंग मोबाइल मोठा घ्यावा लागन! लई हसले. पप्पांना सांगितलं, २६ ला या.

चूक: काही नाही. थोडी झोप येते सारखी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आत्यानं वाटीभर तिळगूळ दिला आणि म्हणाली, "गोड बोल." मी म्हणाले, "मी काय कडू बोलते का?" एवढ्यावरून मी तिच्यावर ओरडले. का ते मलाही कळलं नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. नंतर तिनं दुधाचं पातेलं दाखवलं. काळंठिक्कर. मीच गॅसवर ठेवलं होतं म्हणे.

आणि एक. तलावाशेजारच्या मैदानावर सरावाला जाताना हर्सूल जेलच्या भिंतीपाशी स्कूटी थांबवली, कारण डावीकडं वळायचं की सरळ जायचं ते सुचेना. चार वर्षं रोज जाते त्या रस्त्यानं. एका भाजीवाल्याला विचारलं, तलाव कुठं? तो हसला आणि माझ्या पाठीमागं बोट दाखवलं.

झोप कमी पडतीय. आज लवकर झोपते. बारा दिवस राहिले.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मुलांच्या टीमशी सरावाची मॅच होती. मी स्वतःच्या गोलमध्ये चेंडू मारला.

हे मी सनाकडून ऐकून लिहितेय. मला उंच आलेला चेंडू आठवतो आणि मग थेट सना मैदानावर हात पोटाशी धरून बसलेली आठवते. ती म्हणते की ती "मेरा! मेरा!" करून दोनदा ओरडली. मला ऐकूच आलं नाही. मी मागं पळत गेले, डोकं घातलं, चेंडू आत आणि मी तिच्या हातावर. तिचं मधलं बोट वांग्यासारखं सुजलंय.

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "डिफेंडरला मागचा आवाज ऐकू आला पाहिजे. डोळे पुढं, कान मागं." बरोबर आहे त्यांचं.

मग नळावर सना माझ्याजवळ आली.

"मोना, तेरा सर ठीक नहीं है. सरकू बोल."

"ठीकंय माझं."

"कल भी येच बोली तू. परसों भी. मैं बोलती उनकू."

"सना, तू बोललीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही. शप्पथ घे."

तिनं शपथ घेतली नाही आणि सरांकडंही गेली नाही. बोटाला रुमाल बांधून निघून गेली. रोज घरी जाताना माझ्या स्कूटीवर मागं बसते. आज रिक्षानं गेली.

१९ जानेवारी, रविवार

सर उद्या वह्या बघणार आहेत, म्हणून पहिल्यापासून वाचत बसले.

आठ तारखेला कचरूकाकांचा फोन आहे. अकरा तारखेला पण आहे. तेच शब्द. तेच हसणं. मोबाइलमध्ये बघितलं. अकराला पप्पांचा फोन आलेलाच नाही. आठला आलाय, सोळा मिनिटं. अकराला माझा एकही फोन नाही, आलेला नाही, केलेला नाही.

मी अकराला जे लिहिलं ते मला झालेलं वाटलं होतं.

अक्षर माझंच आहे.

२० जानेवारी, सोमवार

सरांना वही दिली नाही. घरी विसरली म्हणाले. ते बिचारे म्हणाले, "मी पण विसरतो."

संध्याकाळी अश्लेषाताईकडं गेले. अश्लेषाताई फिजिओ आहे. आमच्याच गल्लीत राहते, मागच्या वर्षी घोटा तिनंच बरा केला. तिच्या पुढ्यात वही ठेवली. तिनं सगळी पानं शांतपणे वाचली. मग मला एका पायावर उभं राहायला लावलं. मी पडले. महिने उलटे म्हणायला लावले. सप्टेंबरवरून थेट जूनवर आले.

"मोनिका, पाच तारखेला तुला कन्कशन झालं. मेंदूला आतून दणका बसलाय. तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. त्यावर तू रोज तीस तीस हेडर मारलेस."

"मग आता?"

"उद्या डॉक्टरांना दाखवायचं, मी बरोबर येते. आणि सगळी लक्षणं जाईपर्यंत खेळ बंद."

"सव्वीसनंतर बंद करते."

तिनं माझ्याकडं बघितलं. "पहिला दणका भरून आला नसताना दुसरा बसला, तर मेंदू सुजतो. फार कमी वेळा होतं, पण झालं की मिनिटांत माणूस जातो. तुझ्याच वयाची मुलं गेलीत. मी घाबरवत नाहीये. आहे ते सांगते."

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं की ती घाबरवत होती.

२१ जानेवारी, मंगळवार

डॉक्टरांनी स्कॅन केला. स्कॅन साफ आला. मी उडीच मारणार होते, तर डॉक्टर म्हणाले, "रक्तस्राव नाही एवढंच स्कॅन सांगतो. बाकीचं तुमची वही सांगते." आराम करा, मोबाइल कमी, खेळ नाही.

खरं लिहिते. मी रविवारी खेळणार आहे. नव्वद मिनिटांचा तर प्रश्न आहे. वरचे चेंडू माझ्या शेजारी बचावात खेळणाऱ्या आम्रपालीला सोडीन, मी खालून खेळीन. कुणाला कळणार नाही. आज पडवीत एका पायावर उभं राहायचा सराव केला, सर तपासतील म्हणून. अठरा सेकंद. महिने उलटे पाठ केले. डिसेंबर नोव्हेंबर ऑक्टोबर सप्टेंबर ऑगस्ट जुलै. आता झोपेतून उठवलं तरी म्हणीन.

आत्या दारात उभी राहून बघत होती. तिला काय दिसलं माहीत नाही. "मोने, पप्पाला फोन लावू का?" म्हणाली. नको म्हणाले.

२३ जानेवारी, गुरुवार

काल सनाकडं गेले होते, तिच्या घरी. तिचं बोट बघायला. तिच्या अम्मीनं चहा दिला. सना बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून भिंतीवर चेंडू झेलत होती. प्रत्येक वेळी चेंडू लागला की ओठ चावायची. मी म्हणाले, "दुखतंय तर कशाला?"

"इतवार को मैच है ना. तू सामने है तो मेरेकू दोनों हाथ लगेंगे." मग चेंडू खाली ठेवला. "पयले तू सामने होती तो मैं आँख बंद करके खड़ी रहती थी. अब तेरे पे भी नजर रखनी पड़ती, और बॉल पे भी. मैं दो जगह कैसे देखूँ, तूच बता."

ती रागानं बोलली असती तर मी भांडले असते. ती हिशेब मांडल्यासारखी बोलली.

रस्त्याभर तेच डोक्यात. चार वर्षं मला वाटायचं, मी मागं आहे म्हणून या पोरी निवांत खेळतात. आता माझ्यामुळं गोलकीपरला एक डोळा जास्तीचा लागतोय. असली भिंत काय कामाची?

आज सरावाच्या आधी सरांना गाठलं. वही दिली, सगळं सांगितलं. पाच तारीख, भाजीवाला, बोट, सगळं. सर आधी भडकले. "तीन दिवस राहिलेत आणि आत्ता सांगतेस? मॅडमला काय सांगू मी?" मग वही वाचायला लागले. पाच तारखेच्या पानावर थांबले. 'किती बोटं? तीन. जा, खेळ.' ते पान त्यांनी दोनदा वाचलं असावं.

वही मिटली. मग म्हणाले, "आम्ही कारखान्याच्या टीमकडून खेळायचो. सत्त्याण्णवची फायनल. पहिल्याच दहा मिनिटांत माझ्या डोक्याला गुडघा लागला. मॅनेजरनं पाणी मारलं आणि परत पाठवलं. जिंकलो. घरी फोटो आहे, कप माझ्याच हातात आहे. फोटोत मी हसतोय. मला तो दिवसच नाय आठवत, मोनिका. लोक सांगतात तेवढाच माहीत."

त्यांनी वही परत माझ्या हातात दिली.

"चूक माझी आहे," म्हणाले. "बोटं मोजणं मंजी तपासणी नसते. हे तुझ्या वहीत लिही."

लिहिलं.

जाताना त्यांनी अश्लेषाताईचा नंबर मागितला. गुडघा दुखतो म्हणे. मी दिला. सर कधी लंगडताना दिसत नाहीत, पण सांगत नसतील.

२६ जानेवारी, रविवार

बाकावर बसून सेमीफायनल बघितली. २-१ नं जिंकलो. माझ्या जागी आम्रपाली खेळली, सोन्यासारखी खेळली. शेवटच्या मिनिटाला तिनं गोलरेषेवरून चेंडू काढला तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या, आणि वाजवताना मनात आलं, हा चेंडू आत गेला असता तरी चाललं असतं. लिहिलंय. खोडणार नाही.

पप्पा आले होते. कचरूकाका आणि मार्केटातले सहा जण, जीप करून. मी त्यांना डोक्याचं काहीच कळवलं नव्हतं. ते कठड्याला धरून चार नंबर शोधत होते. मी ट्रॅकसूटमध्ये समोर गेले.

"अगं, तू अजून कपडे बदलले नाय?"

"मी खेळत नाही पप्पा. डोक्याला लागलंय. तीन आठवडे झाले."

ते माझ्या डोक्याकडं बघायला लागले, जखम शोधत. "कुठंय?"

"आत."

कचरूकाका पुटपुटले, "मंग आपण आलो कशाला?" पप्पांनी त्यांच्याकडं असं बघितलं की ते जीपकडं बघायला लागले. पप्पा मला म्हणाले, "डॉक्टर काय म्हणला? बरं व्हतं का नाय?"

"होतं. वेळ लागतो."

"मंग लागू दे." एवढंच. आणि पूर्ण मॅच उभ्यानं बघितली, एकाही पोरीचं नाव माहीत नसताना प्रत्येक टॅकलला ओरडत.

मॅच संपल्यावर लोर्ना मॅडम आम्रपालीशी बोलल्या, तिचा नंबर घेतला. मी बाजूला उभी होते. आणि माझे वडील, मला न विचारता, पांढरा सदरा नीट करत मॅडमपुढं जाऊन उभे राहिले. "नमस्कार. आमची पोरगी चार नंबर. आज खेळली नाय. डोक्याला लागलंय तिच्या. पण तुम्ही नाव लिवून ठेवा."

मला जमीन फाटावी असं झालं. मॅडमनी विचारलं, "कन्कशन? सांगितलं कोणी?"

सर म्हणाले, "तिनंच."

मॅडमनी खरंच कागदावर काहीतरी लिहिलं. काय ते दिसलं नाही. पप्पा म्हणतात नाव लिहिलं. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

अश्लेषाताईनं पायऱ्या आखून दिल्यात. एका पायरीवर चोवीस तास डोकं दुखलं नाही तर पुढची. दुखलं तर एक खाली. आज पहिली: वीस मिनिटं चालणं. सिडकोच्या नाट्यगृहापर्यंत गेले आणि आले. काही नाही दुखलं. आजीबाईसारखं चालले, पण चालले.

९ फेब्रुवारी, रविवार

घसरले. काल बरं वाटलं म्हणून सायकल अर्ध्या तासाची पंचावन्न मिनिटं केली. आज उजेड परत टोचतोय. अश्लेषाताई रागावली नाही, तेच जास्त लागलं. "खाली एक पायरी," म्हणाली, जसं काही रोजचंच.

तिच्याकडं सर बसले होते, माझ्या आधी. आत्याच्या वयाच्या बाईंसोबत, म्हणजे सरांच्या मिसेस. सरांच्या हातात कागद होता, त्यावर घड्याळ काढलेलं, आकडे एका बाजूला दाटलेले. गुडघ्याला घड्याळ कशाला लागतं कोण जाणे, व्यायामाच्या वेळा असतील. मला बघून त्यांनी कागद घडी करून खिशात टाकला. मिसेस माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू मोनिका का? तुझ्यामुळं आले हे. सहा वर्षं झाली, मी मागं लागले होते." गुडघ्यासाठी सहा वर्षं! माणसं किती अंगावर काढतात.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आम्रपाली गोव्याला गेली. स्टेशनवर सगळ्या गेलो. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "ती जागा तुझी होती." मी म्हणाले, "जो खेळला त्याची." बरोबर बोलले. पण घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडल्यानं डोकं दुखलं, म्हणून रडणंही बंद. उद्या परत सायकल. वीस मिनिटं. घड्याळ लावून.

१ मार्च, शनिवार

टीमबरोबर पहिला पूर्ण सराव. हेडर सोडून सगळं. सर आता मैदानावर खिशात कार्ड ठेवतात, त्यावर प्रत्येकीचं नाव आणि जागा. डोक्याला लागलं तर काय काय विचारायचं तेही लिहिलंय. परवा एकीला चेंडू लागला, तर दहा मिनिटं बाहेर बसवलं. ती चिडली. सर म्हणाले, "चीड. बस."

फायनल १६ ला, नांदेडबरोबर.

८ मार्च, शनिवार

आज पाच हेडर.

सर जवळून, हातानं टाकत होते. पहिला चेंडू आला आणि मी डोळे मिटले. चेंडू नाकाला लागला. दुसऱ्याला मान फिरवली. मला वाटायचं मी कशालाच भीत नाही. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सना मागून म्हणाली, "मोना, मैं हूँ पीछे. गया तो मैं पकड़ती."

तिसरा कपाळाच्या मधोमध घेतला. चौथा. पाचवा लांब गेला. मग थांबलो. चोवीस तास बघायचं.

९ मार्च, रविवार

काही नाही दुखलं. सनाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "मालूम था." तिला काय मालूम होतं!

१६ मार्च, रविवार

फायनल. सगळं लिहायचंय.

आमखासवर ऊन मी म्हणत होतं. नांदेडची नऊ नंबर, सोनिया नाव तिचं, वाऱ्यासारखी पळते. पहिल्या अर्ध्यात तिनं मला एकदा चकवलं आणि गोल केला. माझी चूक, वळायला उशीर. पन्नासाव्या मिनिटाला आम्ही फेडला. १-१.

ऐंशीव्या मिनिटाला त्यांचा लांब चेंडू आला. सोनिया पळाली, आमची लेफ्ट बॅक पळाली, दोघी आपटल्या. सोनियाचं डोकं जमिनीवर. आवाज मला ऐकू आला. आमची उठली. सोनिया पण उठली, लगेच, कपडे झटकत. रेफ्रीनं विचारलं तर म्हणाली, "ठीके सर." त्यांच्या कोचनी बाहेरून ओरडून विचारलं तरी तेच. फ्री किक आम्हाला होती, चेंडू माझ्या हातात. वेळ थोडा होता, आमच्या पोरी पुढं पळत होत्या, "मार मोना, मार!"

सोनिया माझ्यासमोर उभी होती. तिचे डोळे माझ्यावर होते, पण माझ्याकडं बघत नव्हते.

मी विचारलं, "सोनिया, स्कोअर किती?"

"एक-शून्य."

"तुमचा गोल कुठल्या बाजूला?"

तिनं सनाकडं बोट दाखवलं, मग दुसरीकडं, मग हात खाली केला.

मी चेंडू पोटाशी धरला आणि रेफ्रीला म्हणाले, "सर, हिला बाहेर न्या."

"ती ठीक म्हणतीये. चेंडू ठेव."

"नाही ठेवत."

"चार नंबर, चेंडू ठेव!"

नाही ठेवला. पिवळं कार्ड मिळालं. आयुष्यातलं पहिलं, आणि तेही चेंडू हातात धरून. सोनिया मला ढकलायला लागली, "तुझं काय जातं? माझी मॅचंय!" मी तिला म्हणाले, "व्हय, तुझीचंय. पण तुला ती आठवणार नाही." सर तोपर्यंत धावत त्यांच्या कोचकडं गेले होते. काय बोलले माहीत नाही, पण हातात ते प्रश्नांचं कार्ड होतं. त्यांच्या कोचनी सोनियाला बाहेर बोलावलं. ती रडत गेली आणि बाकापाशी जाऊन ओकली.

तिच्या जागी ताज्या दमाची पोरगी आली. तिनं नव्वदाव्या मिनिटाला गोल केला. २-१. हरलो.

कप नांदेडला. आमची राइट विंग माझ्याशी बोलली नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या अर्धमेल्या पोरीला राहू दिलं असतं तर जिंकलो असतो." खरंय ते. जिंकलो असतो.

सना म्हणाली, "गोल मैंने खाया, गाली उसकू कायकू देती?" आणि माझी बॅग उचलून स्कूटीकडं गेली.

वाईट वाटतंय. लई वाईट वाटतंय. तो चेंडू परत हातात आला तर परत धरीन.

११ एप्रिल, शुक्रवार

दुपारी अनोळखी नंबर. लोर्ना मॅडम. फायनल मोबाइलवर बघितली म्हणाल्या. मला वाटलं आता पिवळ्या कार्डाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, "पहिल्या गोलला तू चुकीच्या पायावर होतीस. डावीकडून वळायला तुला कुणी शिकवलं नाही?"

"नाही मॅडम."

"शिकायचंय?"

जूनमध्ये चार आठवड्यांची चाचणी. करार नाही, वचन नाही. चार जणींतून एक घेणार. फॉर्म पाठवला त्यांनी. नाव, वजन, उंची, खेळाची जागा. मग रकाना: डोक्याला पूर्वी इजा झाली आहे का?

आत्या शेजारी बसून वाचत होती. तिथं येऊन तिनं माझ्याकडं बघितलं. "नाय लिवलं तर?"

"तर कुणालाच कळणार नाही."

मी लिहिलं, होय. ५ जानेवारी. पुढं सहा ओळी, तारखा घालून, अश्लेषाताईच्या पत्रासकट. पाठवलं. मग दोन तास घरातून अंगणात आणि अंगणातून घरात. आत्या म्हणाली फरशी झिजंल. पप्पांना फोन केला, ते म्हणाले, "खरं लिवलं ना? मंग जेव."

पावणेसहाला उत्तर आलं. "मिळालं. आमचे डॉक्टर पहिल्याच दिवशी तपासतील. २ जूनला या. मैदान पूर्ण गवताचं आहे, त्याप्रमाणे बूट आणा."

गवतावरचे बूट माझ्याकडं नाहीत. आजवर एकदाही गवतावर खेळलेलेच नाही, मुरमावरच पडले आणि मुरमावरच उठले. सनाला फोन लावला. उद्या दहाला औरंगपुऱ्यात बूट घ्यायला जायचंय. ती म्हणाली, एक नंबर मोठा घे, बाहेर गेलं की माणूस वाढतं.